आधी पोटाला विचारा

बाळांनो,

गेल्या महिन्यात फोनच्या पडद्यावर तुम्ही आजोबांना पाहिलंत आणि दोघंही फोनला अगदी चिकटलात. न्यूमोनिया होऊन जंतू रक्तात पसरले होते, ते शुद्धीवर नव्हते आणि त्यांच्या नाकात नळी होती. धाकटीनं विचारलं, "आजी, ती श्वासाची नळी आहे का?" मी म्हटलं, "नाही गं, जेवणाची." मग थोरल्यानं विचारलं, "एवढा आजारी माणूस, त्याला जेवण कशाला? औषधं पुरेशी नाहीत का?" मी म्हटलं, नंतर सांगते.

आजोबा आता घरी आले आहेत. नळी निघाली. काल वरण पातळ झालं म्हणून कुरकुरलेसुद्धा. दमले आहे ती मी. तीन आठवडे दवाखान्याच्या बाकावर बसून पाय सुजले आहेत आणि फोनवर फार बोलवत नाही. म्हणून लिहिते. मला सगळं ओळीनं मांडायची सवय आहे, हे तुमचा बाबा तुम्हाला हसत हसत सांगत असेलच. पण जिच्यामुळे मला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे, ती बाई कुठल्याच ओळीत बसणारी नव्हती. तेव्हा आठवेल तसं लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी पुण्याहून कोल्हापूरला आले, ती गृहविज्ञानाची इंग्रजीतून घेतलेली पदवी घेऊन. आजोबा कॉलेजात शिकवायचे. एका ट्रस्टच्या धर्मादाय दवाखान्यात मला रुग्णांच्या आहाराचे तक्ते करायचं काम मिळालं. कुणाला किती दूध, कुणाला मीठ बंद, कुणाला पातळ पेज, असं मी रोज सकाळी रेघा मारलेल्या कागदावर लिहायची. त्या दवाखान्यातल्या मोठ्या वॉर्डाच्या ज्या मुख्य सिस्टर होत्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. गडहिंग्लजच्या पलीकडच्या, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावातल्या. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. आमच्या दवाखान्यात मात्र त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले ट्रस्टीसुद्धा त्यांना अक्काच म्हणत, आणि जरा घाबरून म्हणत.

पहिल्या दिवशी मी माझा तक्ता घेऊन वॉर्डात गेले. अक्कांनी तो हातात घेतला, वरून खाली पाहिला आणि म्हणाल्या, "अक्षर झकास हाय. नळीतनं जेवलाय काय कधी?"

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले.

"न्हाय ना? मग नळीच्या पेशंटचा तक्ता लिवायचा न्हाय. बसा. मी आलो."

मी आलो, मी गेलो, मी बघतो. कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात. मला ते अंगवळणी पडायला दोन वर्षं लागली. अक्का आल्या त्या उकळून गार केलेली तांबडी रबरी नळी घेऊनच. मी नको म्हणायच्या आत त्यांनी माझी हनुवटी धरली. "गिळा. पाणी पिल्यागत गिळा. रडू नगासा, डोळ्यातनं पाणी येतंय ते नळीचं हाय, तुमचं न्हाय." नाकातून, घशातून ती नळी उतरताना जो ओकारीचा उमासा आला, तो मला अजून आठवतो. मग त्यांनी मीच तक्त्यात लिहिलेलं मिश्रण, म्हणजे दूध, अंडं, साखर आणि केळं, नळीला लावलेल्या चाडीत, म्हणजे नरसाळ्यात, ओतलं. तोंडाला चव नाही, जिभेला काही कळलं नाही, आणि पोटात मात्र एक गार गोळा जाऊन बसला.

"गार लागतंय?"

मी मान हलवली.

"आता कोमट लिवत जावा," त्या म्हणाल्या आणि नळी काढून निघून गेल्या. माझ्या पदवीच्या पुस्तकात मिश्रणाचं तापमान कुठेच नव्हतं.

अक्कांना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. मी एकदा म्हटलं, जरा टेका ना. तर म्हणाल्या, "बसलो की उठवत न्हाय." त्या दमलेल्या असत, फार दमलेल्या. पण त्यांचा दमलेपणा हा त्यांच्या अंगावरच्या पांढऱ्या साडीसारखा होता. रोज तोच, रोज धुतलेला. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

नळीतून जे काही जायचं ते त्या आधी स्वतः चमचाभर चाखायच्या. नवीन शिकाऊ नर्सेस हसायच्या. "पेशंटला चव कळत न्हाय म्हणून काय पेंड घालायची व्हय?" अक्का म्हणायच्या. आणि चाडी हातात धरून, बेशुद्ध माणसाला मोठ्यानं सांगायच्या, "आज मुगाचं पाणी हाय, वरनं चमचाभर तूप. जेवा." उत्तर यायची शक्यता नसलेल्या माणसालाही. एक निवृत्त शाळामास्तर होते, छातीत पू झालेले, पाच दिवस डोळा न उघडलेले. सहाव्या दिवशी अक्कांनी चाडी वर धरली आणि म्हणाल्या, "आज दूध-केळं हाय, गुर्जी." तर पडल्या पडल्या, डोळे मिटलेलेच, गुरुजी खरखरीत आवाजात म्हणाले, "केळं फार झालं." सगळा वॉर्ड थांबला. अक्का तेवढ्या थांबल्या नाहीत. "मग बोलायचं न्हाई व्हय इतकं दीस?" असं म्हणून त्यांनी केळं ओतलंच.

बायकांना त्या नळी डाव्या नाकपुडीतूनच घालायच्या. त्याचं कारण वैद्यकीय नव्हतं. चिकटपट्टीनं नळी नाकाशी बसवली की नातेवाईक बाईला म्हणायच्या, "नथ घातली बघ तुझ्या लेकीला." आमच्याकडे मुंबईहून शिकून आलेले एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी एकदा विचारलं, "सिस्टर, डावी नाकपुडी चोंदलेली असेल तर?" अक्का म्हणाल्या, "मग उजवीकडनं घालतो आणि माफी मागतो." नळीचं खरं नाव रायल्स ट्यूब. सगळे रायल म्हणत. नळी पाहून घाबरलेल्या खेडुतांना अक्का सांगायच्या, "ओ पावणं, ही रॉयल नळी हाय, राजाची. राजाच्या गावात आलाय, फुकट मिळालीय. गप बसा."

या सगळ्या विनोदाच्या खाली एक गोष्ट होती जी विनोद नव्हती. दर वेळी नळीत काही घालण्याआधी त्या सिरिंजनं पोटातलं थोडं बाहेर ओढून बघायच्या. आधी घातलेलं पचून पुढं गेलंय की तसंच साचलंय, हे त्यावरून कळतं. याला त्या म्हणायच्या, पोटाला विचारणं. "पंगतीत वाढताना विचारतासा न्हवं, वाढू काय? मग हितं का न्हाय? आधी पोटाला विचारा." साचलेलं निघालं तर त्या दिवशी कमी. फार निघालं तर थांबायचं. आणि मिश्रण कधीही दाबून ढकलायचं नाही. चाडी हनुवटीइतकी वर धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं. घाई असलेल्या नर्सच्या हातावर त्यांनी चापट मारलेली मी पाहिली आहे.

थोरल्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे असं होतं. तापानं फणफणलेल्या माणसाला तेव्हा लोक उपाशी ठेवायचे. लंघन हेच औषध, असं आमच्याही घरी म्हणत. एका शेतकऱ्यानं आपल्या भावाला नळी घालायला नकार दिला, तेव्हा अक्का त्याला म्हणाल्या, "चूल पेटलीय अंगात, कळतंय काय? इझत न्हाय ती तुमच्या सांगण्यानं. सर्पान घातलं न्हाय तर घराचं वासं जळत्यात." तो म्हणाला, "मग भरपूर घाला की." त्यावर अक्का ओरडल्या, "लई घातलं की धूर हुतोय, घरातली माणसं गुदमरत्यात! थोडं थोडं घालाय लागतंय."

आजच्या भाषेत सांगायचं तर जंतू अंगात शिरले की शरीर लढायला उठतं. त्या लढाईचा जो जाळ होतो, ताप, सूज, रक्तातली आग, त्याला आपण दाह म्हणतो. थोडा दाह लागतोच. हाताबाहेर गेला तर तोच माणसाला मारतो. त्याला जळायला बाहेरून काही मिळालं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. शिवाय उपाशी आतड्याचं अस्तर विरतं, त्यातून आतले जंतू आणि विष रक्तात झिरपतात आणि आगीत भर पडते, असं आता बरेच डॉक्टर मानतात. आतड्यातून थोडं थोडं अन्न गेलं तर ते अस्तर टिकतं आणि दाह आवरायला मदत होत असावी. 'होत असावी' असंच मी लिहिते आहे, कारण आजोबांच्या डॉक्टरांना मी विचारलं, तर तेही तेवढंच म्हणाले. रक्तदाब पडलेला असताना घाईनं खायला घातलं तर उलट नुकसान होतं, हेही त्यांनी सांगितलं. अक्कांना हे कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही. वॉर्डात कुजबुज होती, त्यांची धाकटी बहीण टायफॉइडमध्ये लंघनानं गेली म्हणून. मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाल्या, "तसलं काय न्हाय. मला उपाशी माणूस बघवत न्हाय, एवढंच." त्या स्वतः एकही उपास करत नसत. एकादशीला बटाट्याची भाजी आणि भाकरी, कपड्यांच्या खोलीत उभ्यानं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. इतकी वर्षं मी ते आजोबांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही.

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची एक बाळंतीण आली. बावीस-तेवीस वर्षांची. घरी बाळंत होऊन आठ दिवस झालेले, आणि गर्भाशयात राहिलेल्या वारेच्या तुकड्यानं सगळ्या अंगात विष पसरलेलं. पोट नगाऱ्यासारखं, ताप उतरत नाही, नाडी लागत नाही. बरोबर सासू. उंच, काळीसावळी म्हातारी, जी तिच्या पायाशी बसली ती उठलीच नाही. तान्ही मुलगी घरी आत्याकडे. तरुण डॉक्टरांनी आतलं साफ केलं, पेनिसिलिन सुरू केलं, सलाइन लावलं आणि म्हणाले, पोटात काही द्यायचं नाही.  पहिले दोन दिवस अक्काही म्हणत होत्या, "अजून दाराशी कुणी न्हाय, कुणाला वाढायचं?" म्हणजे रक्तदाबच नाही. तिसऱ्या दिवशी नाडी लागली. चौथ्या दिवशी त्यांनी पोटाला कान लावला. स्टेथोस्कोप लावूनही ऐकायच्या त्या, पण आधी कान लावायच्याच.

"डॉक्टर, गुडगुडतंय. वाढू काय?"

"सिस्टर, पोट फुगलंय. आतड्याला विश्रांती हवी."

"चार दीस झोपलंय ते. आता उठवाय पायजे."

"आणि उलटी होऊन छातीत गेलं तर?"

"तर मला फाशी द्या. उशाखाली दोन इटा लावतो, डोकं वर ठेवतो. तासाला दोन चमचं. पोटाला इचारून."

डॉक्टर दमलेले होते. आम्ही सगळेच दमलेले होतो. त्यांनी परवानगी दिली. चेहऱ्यावर, पायांवर सूज होती म्हणून एकच अट घातली, मीठ बंद. दोन दिवस अक्कांनी स्वतःच्या हातानं मुगाचं पाणी, मग पातळ पेज घातली. पोटाचा ताण सैल झाला. ताप एक अंश उतरला. सासूनं मला विचारलं, "बाई, वाचंल न्हवं?" आणि मी, जिनं आयुष्यात खात्री नसलेलं वाक्य उच्चारलं नव्हतं, म्हटलं, "वाचेल."

गुरुवारी अक्कांची आठवड्याची सुट्टी. मी सकाळी तक्ता केला. वॉर्डातल्या आयाबाईंना इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून अक्का नसतील त्या दिवशी मी मराठीत लिहायची. सुंदर अक्षरात लिहिलं, 'नळीतून फक्त अळणी सूप. दर दोन तासांनी.' मनात होतं डाळीचं आणि भाज्यांचं, बिनमिठाचं, गाळलेलं पाणी. तक्ता लावला आणि मी ऑफिसात गेले.

बाळांनो, पुण्यात अळणी म्हणजे मीठ नसलेलं. तुमची आई म्हणते ना, आमटी अळणी झाली. कोल्हापुरात आळणी ही एक वस्तू आहे. मटण शिजवताना, तिखट घालायच्या आधी, हळद-आलं-लसूण आणि मिठात उतरलेला जो मटणाचा रस, ती आळणी. लहान मुलांना देतात, आजाऱ्याला देतात. मला तिथं येऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या घरी मटण होत नसे, आणि कुणी माझ्यासमोर तो शब्द काढला नव्हता.

आयाबाईनं तक्ता वाचला आणि स्वयंपाकघरात निरोप दिला. आमचं स्वयंपाकघर ट्रस्टच्या नियमानं शाकाहारी. आचारी म्हणाला, "आळणी आपल्यात कुठली? घरनं आणाय सांगा." सासूच्या कानावर ते पडलं, तेव्हा तिनं म्हणे हातच जोडले. "लिवलं एकदाचं! मी सहा दीस हेच म्हनालतो." तिनं मुलाला सायकलवर गावाकडे पिटाळलं. दुपारी तो किटली घेऊन आला. वर बोटभर चरबीचा तवंग. आयाबाईनं पोटाला विचारलं नाही. सासू म्हणाली, बाई, जरा जास्त घाल, अंगात काय न्हाय पोरीच्या. एक पेलाभर आळणी, चाडीतून, एकदम.

संध्याकाळी चार वाजता मला बोलावणं आलं. ती मुलगी निळी पडत होती. पोट पुन्हा नगारा झालेलं. उलटी झाली होती आणि त्यातली थोडी छातीत गेली होती. डॉक्टर तोंडातलं ओढून काढत होते. ताप काल होता त्याच्यापेक्षा वर. सासू भिंतीला टेकून म्हणत होती, "मी काय केलं? लिवलंय की तितं! लिवलंय म्हनूनच दिलं." डॉक्टरांनी मागे न बघता सांगितलं, "नळी बंद. आता काही द्यायचं नाही. मी आधीच सांगत होतो."

कुणीतरी अक्कांच्या घरी निरोप दिला होता. त्या आल्या त्या घरच्या नऊवारीत, केस अर्धवट विंचरलेले.  सिरिंज घेतली, पोटातलं ओढलं, पिवळा तेलकट रस आला. त्यांनी सिरिंज नाकाशी नेली.

"लसूण," त्या म्हणाल्या. मग तक्त्यापाशी गेल्या. वाचला. बराच वेळ वाचला.

"ओ बाई. हे काय लिवलायसा?"

"अळणी," मी म्हटलं. "बिनमिठाचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हात उचलतील. पण त्या हसल्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पदरानं डोळे पुसले आणि एकदम म्हाताऱ्या दिसल्या. "आणि त्यात मीठ बी हुतं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटत होतं की म्हातारीनं चोरून पाजलं, आणि मुळात नळीतून देणंच चुकलं. आयाबाई तक्ता दाखवायला गेली तर त्यांनी तो बाजूला सारला. कोल्हापुरात पाच वर्षं काढूनही ते स्वतः मुंबईचेच होते, त्यांनाही त्या शब्दात काही वावगं दिसलं नसतं. म्हणजे माझ्या शब्दाचा घोळ फक्त मला आणि अक्कांना माहीत होता. अक्का मला कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "नळीची चूक न्हाय, डॉक्टरला सांगा. न्हाईतर पोरगी उपाशी ऱ्हातीया."

"तुम्ही सांगाल का?"

"शब्द कुणाचा?" त्या म्हणाल्या, आणि साडी बदलायला गेल्या.

मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी स्वतःला समजावलं की डॉक्टर कामात आहेत, की छाती सुधारेपर्यंत तसंही काही देता येणार नाही, की माझी नोकरी गेली तर पुढे कुठलीच बाई इथं आहारतज्ज्ञ म्हणून घेतली जाणार नाही. यातलं काही खोटं नव्हतं. मी तक्ते लिहिले, नेहमीपेक्षा सुबक. अक्का येता-जाता भेटल्या, ओरडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. फक्त त्या मुलीच्या खाटेशी उभ्या राहून, चाडी हातात न घेता, मोठ्यानं म्हणाल्या, "आज काय न्हाय गं. आज तुला काय न्हाय." मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होते. मला ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीच्या दंडाचं कातडं चिमटीत धरून सासू मला म्हणाली, "बगा बाई, हाडाला चिकटाय लागलंय." त्या म्हातारीनं दोन दिवस स्वतःही काही खाल्लं नव्हतं. तिचा समज, आपल्याच हातानं सून मरणाच्या दारी गेली.

मी तिथूनच डॉक्टरांच्या खोलीत गेले. उभ्यानंच सांगितलं, अळणी म्हणजे मला काय वाटत होतं आणि इथं काय म्हणतात. म्हातारीचा दोष नाही, नळीचाही नाही. त्यांनी टेबलावर कोपरं टेकली आणि तोंड हातांत धरलं.  मग म्हणाले, "परवा सांगितलं असतंत, तर मी काल सुरू केलं असतं. छाती कालच मोकळी झाली होती."

तेवढंच. नोकरी गेली नाही. मेमो आला नाही. ते वाक्य मात्र माझ्याजवळ राहिलं.

अक्कांना मी जाऊन सांगितलं, सांगितलं म्हणून. "बरं," त्या म्हणाल्या. "पेज करून आणा. तुमी करा, आचारी नगं." मी आयुष्यात पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात पदर खोचला. तांदळाची पेज, अगदी पाण्यासारखी, मलमलीतून दोनदा गाळलेली, कोमट. अक्कांनी चमचाभर चाखली. पोटाला विचारलं, चार थेंब स्वच्छ पाणी आलं. मग चाडी माझ्या हातात दिली. "हनुवटीइतकी वर धरा. ढकलायचं न्हाय." मग माझ्या कानाशी, "सांगा की तिला, काय हाय ते."

मला लाज वाटत होती. सगळा वॉर्ड बघत होता. मी म्हटलं, "तांदळाची पेज आहे. मीठ नाही."

भिंतीकडे तोंड करून बसलेली सासू हे ऐकून वळली. मी तिच्यापाशी गेले आणि तक्त्यातली चूक माझी होती, असं सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "म्हंजे तुमच्यात आळणी ठावंच न्हाय? आनि मग आजारी मानसाला देतासा तरी काय?" तिला माझी कीव आली होती. दुपारी अक्कांनी तिला दटावून भाकरी खायला लावली.

पुढचे नऊ दिवस ताप चढत-उतरत गेला, पण प्रत्येक चढ आधीच्यापेक्षा ठेंगणा. दहाव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. मला वाटलं होतं, अक्का म्हणतील की अन्नानं वाचली. तसं कुणी म्हटलं तर त्या चिडायच्या. "वाचवलं औषधानं आणि त्या डॉक्टरच्या हातानं. आमी फकस्त वासं जळू दिलं न्हाईत." नळीतून दिलेल्या अन्नानं तिचा दाह किती उतरला, औषधानं किती, तिच्या वयानं किती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. दोन दिवस आधी सांगितलं असतं तर ती लवकर उठली असती का, हेही नाही. हा हिशेब मी बऱ्याचदा मांडून पाहिला. तो सुटत नाही.

नंतर सतरा-अठरा वर्षं मी अक्कांच्या हाताखाली काम केलं. हाताखाली हाच शब्द, कागदावर जरी मी वेगळ्या खात्यात असले तरी. 'अळणी' हा शब्द मात्र त्यांनी एकदाही माझ्यावर उलटवला नाही. फक्त नवीन डॉक्टर आला की त्याला विचारायच्या, "कुठलं तुम्ही? नागपूर? मग आळणी म्हंजे काय ठावं हाय काय?" आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत. त्या मुद्दाम बघायच्या नाहीत, हे मला कळायचं.

निवृत्त झाल्यावर त्या गावी गेल्या आणि दोन वर्षांत वारल्या. शेवटी काय झालं होतं, ते आम्हाला नीट कळलं नाही. पत्र आलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. दवाखाना पुढे ट्रस्टनं बंद केला. त्या जागी आता मंगल कार्यालय आहे. त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही, कुठल्या फलकावर त्यांचं नाव नाही, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्सेसपैकी मला माहीत असलेल्या दोघीही आता नाहीत.

गडमुडशिंगीची ती बाळंतीण मात्र अजून आहे. सत्तरी ओलांडली तिनं. सासू जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवसांतलं तिला काही आठवत नाही, ना अक्का, ना मी. घरात तीन म्हशी आहेत आणि सकाळचं दूध डेअरीवर घालायला ती स्वतः चालत जाते.